दोन्ही पिणारं मशीन

जनरेटर माझ्या पसंतीचा होता. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण बाबाच्या मातीला आलेली माणसं "वादळानं नेलं हो ओव्हीदला" म्हणत होती आणि मी शहाण्यासारखी मान डोलवत होते. वादळानं नाही नेलं. वादळ येऊन गेलं होतं, आभाळ निळंभोर होतं, पान हलत नव्हतं. वादळानंतरच्या पाचव्या दिवशी भर दुपारी माझा बाप स्वतःच्या घरात उकाड्यानं भाजून निघाला. खाली जनरेटर चालू होता. एसी खिडकीत होता. मधे फक्त एक वायर होती, आणि ती दुसऱ्या भोकात होती.

आता पहिल्यापासून सांगते.

आई फेब्रुवारीत गेली, ऐन कार्निव्हलच्या आठवड्यात. तिला नोव्हेंबरातच कळलं होतं. कळल्या दिवसापासून तिनं एकच काम केलं, रांधलं. डॉक्टर म्हणाला विश्रांती घ्या, ही बाई चुलीपुढे स्टूल टाकून बसली. "तुझ्या बापाला अंडं उकडता येत नाही, डार्लीन. मी गेल्यावर काय खाईल, कोळंबीची जाळी?" आइस्क्रीमचे रिकामे डबे तिनं वर्षानुवर्षं जमवलेले होते, कधी फेकायचे नाहीत हा नियम. त्यात भरभरून ठेवलं सगळं. कोळंबीचा गंबो, म्हणजे भातावर घ्यायचं आमच्याकडचं दाट कालवण, खेकड्याचं सार, डुकराचं मटण घातलेल्या पांढऱ्या घेवड्याची उसळ. मागच्या पडवीत आमचा आडवा फ्रीजर आहे, माणूस झोपेल एवढा, तो तिनं काठोकाठ भरला. प्रत्येक डब्याच्या झाकणावर पांढरी चिकटपट्टी लावली आणि पट्टीवर काळ्या पेनानं चित्र काढलं. कोळंबी असेल तर कोळंबी, खेकडा असेल तर खेकडा. लिहून उपयोग नव्हता. बाबाला वाचता येत नव्हतं. लहानपणी शाळेत इंग्रजी सोडून घरचं फ्रेंच बोलला म्हणून मास्तरणीनं त्याला मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावले, दुसऱ्या वर्षी तो शाळा सोडून कोळंबीच्या बोटीवर गेला. त्या मास्तरणीला देव काय द्यायचं ते देवो.

तेव्हापासून दर रविवारी, चर्चमधून आलो की एक डबा. बाबा शनिवारी बाहेर काढून ठेवायचा आणि रविवारी त्याच्यासमोर बसून खायचा, न बोलता. ऑगस्टात एकोणीस उरले होते. हे संपले की काय, असं मी त्याला विचारलं नाही. मधे दोन रविवार त्यानं डबा काढलाच नाही, पाव आणि कॉफीवर भागवलं. तेव्हा मला कळलं, तो विचार त्यानं माझ्या आधी केलाय.

म्हणून जनरेटर.

आधीचा एक होता, रेड्यासारखा. मागच्या वादळात वीज सव्वीस दिवस गेली होती आणि त्या रेड्यानं घरातलं पेट्रोल चार दिवसांत ढोसलं. मग पडून राहिला, आतलं पेट्रोल नासून डिंकासारखं झालं, आणि पुढच्या वर्षी दोरी ओढून ओढून बाबाचा खांदा गेला तरी तो उठला नाही. या खेपेला आम्ही घाई केली नाही. समुद्रात वादळाचा मागमूस नसताना, निवांत मंगळवारी, गिड्रीच्या दुकानात गेलो. म्हणजे मला घाईची सबबही नाही.

गिड्री बाबाच्या वयाचा, अवजारं विकण्यात हयात गेलेली. त्यानं विचारलं, "काय काय चालवायचंय, ओव्हीद?"

"फ्रीजर."

"आणि?"

"आणि फ्रीजर."

"आणि एसी," मी मधे पडले. "झोपायच्या खोलीतला, खिडकीचा. याचं हृदय धड नाही. डॉक्टरनं बजावलंय, उकाड्यात ठेवू नका."

"डॉक्टरला म्हणावं, तू बस त्या खोक्यापुढे. सत्तर वर्षं उन्हात जाळी ओढली मी."

"म्हणूनच हृदय असं झालंय."

"हृदय तुझ्या आईमुळे झालंय," बाबा म्हणाला, आणि दोघंही हसले, आणि मग हसायचे थांबले.

गिड्रीनं एक चाकांचा थोरला जनरेटर दाखवला. "हा घे. सगळं घर ओढेल, वर शेजाऱ्याचंही."

"आणि पिईल किती?"

"पिईल की. बैल ठेवला तर चारा नको?"

"नको मला बैल. तट्टू दाखव."

तट्टू कोपऱ्यात होतं. लाल, हँडलवालं, एका माणसानं उचलावं असं. पेट्रोलवर चालतं आणि गॅसवरही. एक खटका इकडचा तिकडे केला की झालं. बाबा त्याच्यापुढे उकिडवा बसला. "दोन्ही पितं? म्हणजे तुझ्या लेस्टर काकासारखंच. बिअर संपली की व्हिस्की." त्याला ते फार आवडलं. आमच्याकडे पेट्रोलची मारामार असते, पण गॅसचे सिलिंडर घरोघरी. कोळंबी उकडायच्या मोठ्या शेगडीला लागतात ते, वीस पौंडी. आमच्या घराखाली खांबांच्या मधे सहा उभे होते, आणि गॅस पडून नासत नाही.

खोक्यावर तळहाताएवढा आकडा होता. २५००. बाबानं बोट ठेवलं. "काय म्हणतंय, पोरी?"

मी वाचलं. "अडीच हजार."

एसीला नऊशे वॅट लागतात. फ्रीजरला चारशे. मी एका जुन्या पावतीच्या पाठीवर बेरीज मांडली, तेराशे. अडीच हजारातून तेराशे गेले तरी बाराशे उरतात, पंखा लाव, कॉफी कर, टीव्हीवर बातम्या बघ. मला माझंच कौतुक वाटलं. गिड्री म्हणाला, "गॅसवर जरा कमी देतो हं तो."

"किती कमी?"

"जरा."

तेवढ्यात एक बाई करवतीची साखळी घेऊन भांडायला आली आणि तो तिकडे गेला. मी पुन्हा विचारलं नाही. माहितीचं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं. घरी येऊन मी ती पिशवी, न फोडता, स्वयंपाकघरातल्या खणात टाकली. घरात वाचता येणारी मी एकटी, आणि मी मोठ्या अक्षरांतलं तेवढंच वाचलं.

त्या संध्याकाळी आम्ही मशीन चालवून पाहिलं. टी-रॉय आला होता. हा आमचा शेजारी, पन्नाशीचा, बाबाच्या बोटीवर पोरवयापासून कामाला होता, आता त्याची स्वतःची बोट आहे. पेट्रोलवर एसी लावला, फ्रीजर लावला, दोन्ही सुरळीत. मग गॅसची नळी जोडून खटका फिरवला आणि एक दिवा नि एक पंखा लावून बघितला. दिवा लागला, पंखा फिरला. टी-रॉयनं टाळी वाजवली. "पास! ओव्हीदकाका, या वर्षी आम्हाला घरी या म्हणायचीही गरज नाही, आम्हीच तुमच्याकडे राहायला येतो."

एक दिवा नि एक पंखा. असली परीक्षा घेतली आम्ही.

वादळ एकोणतीस तारखेला आलं. त्याला नाव होतं, मी ते घेत नाही. घरं सोडा म्हणून हुकूम निघाला. मी गाडीत पाणी, औषधं, कागदपत्रं भरली. बाबा पडवीतून हलेना.

"मी गेल्यावर मशीनला पाजणार कोण? वीज कंपनीचा साहेब येणार आहे?"

"बाबा, डबे आहेत ते. नुसते डबे."

तो माझ्याकडे बघत राहिला.  मी गाडीतलं सामान परत वर आणलं. तो राहिला फ्रीजरसाठी, मी राहिले त्याच्यासाठी. आमच्या घरची अक्कल ही अशी.

त्या दिवशी त्यानं आणखी एक काम केलं. आमच्याकडे घर सोडून जाणारी माणसं जाण्याआधी फ्रीजरमध्ये एक पेला पाणी गोठवतात आणि बर्फावर एक नाणं ठेवतात. परत आल्यावर नाणं वरच दिसलं तर अन्न चांगलं. नाणं पेल्याच्या तळाशी गेलेलं असलं, तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलंय, फेकून द्या. आई दर वादळाला ठेवायची. बाबानंही ठेवलं.

"अरे पण आपण जातोय कुठे?" मी म्हटलं. "हे जाणाऱ्यांसाठी असतं."

"असू दे. ती ठेवायची."

वादळानं छपराची एक बाजू उचकटली, जेट्टी नेली, माझी गाडी चिखलात आडवी केली. घर खांबांवर उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खाली उतरला, मशीन घरापासून लांब उघड्यावर नेऊन ठेवलं, दोरी ओढली. पहिल्या झटक्यात सुरू. त्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली, घोड्याच्या मारावी तशी. दोन दिवस आम्ही राजासारखे राहिलो. सगळ्या पंचक्रोशीत मिट्ट अंधार, आणि आमचा एसी घों घों करतोय, फ्रीजर गुणगुणतोय. आठ घरांची माणसं येऊन फोन चार्ज करून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी टी-रॉय आला. अंगावर चिखल, डोळे सुजलेले. खाली टोकाकडचा रस्ता तुटला होता आणि तिकडे माणसं छपरांवर होती. त्याची बोट शाबूत होती, पेट्रोल नव्हतं.

"किती हवंय?" बाबानं विचारलं.

"जेवढं असेल तेवढं, काका. पण तुमचं मशीन..."

"माझं मशीन दोन्ही पितं," बाबा ऐटीत म्हणाला. "डार्लीन, कॅन काढ."

मीच काढले. पाच कॅन होते, पाचही दिले. उगाच खोटं कशाला बोलू, मला तेव्हा अभिमान वाटला आणि त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. टी-रॉयनं त्या पेट्रोलवर अकरा माणसं आणली, त्यात एक बाळंतीण. ज्यांना हेलिकॉप्टरं पाठवता येतात ते साहेब त्या दिवशी टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढे बाह्या सरसावून उभे होते.

मग आम्ही गॅसचा सिलिंडर जोडला. एसी सुरू केला, चालला. फ्रीजर लावला. मशीन कण्हलं, धापा टाकली आणि बंद पडलं. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. एकटा फ्रीजर चाले. एकटा एसी चाले. दोघं एका वेळी उठायला लागले की मशीन मान टाकी.

तेव्हा मी खणातून ती पिशवी काढली आणि दातांनी फोडली.

तिसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत सगळं होतं. तो तळहाताएवढा आकडा फक्त पेट्रोलवरचा, आणि तोही सुरू होतानाच्या एका क्षणापुरता. सतत चालताना पेट्रोलवर दोन हजार. गॅसवर सतराशे. उन्हात त्याहून कमी. आणि एसी नुसता उठतानाच दुप्पट ओढतो, हे कुठल्याच पानावर नव्हतं, ते आम्हाला असंच कळलं. एका क्षणाचा आकडा खोक्यावर छापतात हे लोक! लग्नातला फोटो दाखवून नवरा गळ्यात मारावा तसं. पण पुस्तक दिलं होतं की त्यांनी. कोर्टात जा, ते पुस्तक दाखवतील. आणि पिशवी कोणी फोडली नव्हती?

"काय म्हणतंय?" बाबानं विचारलं.

"म्हणतंय एका वेळी एक."

 त्याची नजर पडवीकडे गेली.

मी वेळापत्रक केलं. सकाळी दोन तास फ्रीजर, संध्याकाळी दोन तास फ्रीजर, बाकी दिवसभर एसी. काठोकाठ भरलेला फ्रीजर झाकण न उघडता दोन दिवस दम धरतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. रोजचे चार तास त्याला भरपूर होते. आजही मी शपथेवर सांगते, भरपूर होते. फक्त झाकण उघडायचं नाही.

आणि बाबा झाकण उघडायचा.

मी खाली सिलिंडर बदलत असले की वर कुर्रर्र आवाज यायचा, बिजागरीचा. मी धावत वर जायची.

"काय करतोयस?"

"नाणं बघतोय."

"किती वेळा बघशील?"

"खाली गेलंय जरा."

"तू उघडतोस म्हणून जातंय! दर वेळी गार हवा बाहेर जाते, बाबा. बंद ठेव. बघू नकोस. बघितलं नाहीस तर ते वर राहील."

"आणि बघितलं नाही तर मला कळणार कसं?"

 ते नाणं लांब गेलेल्यांसाठी होतं. शेकडो मैलांवरच्या कुठल्याशा खोलीत बसून ज्यांना उघडताच येत नाही त्यांच्यासाठी. आम्ही घरात बसलो होतो, चार पावलांवर. दिवसातून दहा दहा वेळा तो झाकण उचलायचा, आणि दर वेळी पेल्यात आणखी थोडं पाणी दिसायचं, आणि दर वेळी त्याचा चेहरा आणखी उतरायचा, आणि मग अर्ध्या तासानं पुन्हा. मी झाकणावर चिकटपट्टी लावली. त्यानं नखानं काढली. मी ओरडले. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

पाचव्या दिवशी दोनच सिलिंडर उरले. शाळेच्या मैदानावर गॅसची गाडी येणार अशी बातमी आली. टी-रॉयच्या ट्रकमध्ये रिकामे सिलिंडर टाकून आम्ही सकाळी नऊला निघालो. निघण्याआधी मी स्वतःच्या हातानं फ्रीजरची वायर काढली, एसीची लावली, बाबाला पलंगावर बसवलं, पाण्याचा जग जवळ ठेवला.

"मी येईपर्यंत इथून उठायचं नाही. फ्रीजर सकाळी चाललाय, आता संध्याकाळी."

"हो, मास्तरीणबाई."

"बाबा, हसू नकोस. दुपारी बाहेर भट्टी असते."

"जा, रांग लागेल. आणि येताना बर्फ मिळाला तर आण."

"तुला प्यायला?"

"आईच्या डब्यांना," तो म्हणाला.

रांग शाळेला तीन वळसे घालून उभी होती. ज्या शाळेची बस मी सतरा वर्षं चालवते तिच्याच मैदानावर मी सहा तास उभी होते. गाडी बारा वाजता येणार होती, अडीचला आली. माणशी एक सिलिंडर. बर्फ नव्हताच. एक गणवेशातला पोरगा सगळ्यांना पत्रकं वाटत होता, उकाड्यात वृद्धांची काळजी कशी घ्यावी. मी ते पत्रक वाचलं. सगळं. बारीक अक्षरांतलंसुद्धा.

घरी साडेतीनला पोचलो. मशीनचा आवाज लांबूनच आला आणि मला हायसं वाटलं. जिना चढताना मात्र काहीतरी खटकलं. खिडकीतला एसी गप्प होता.

बाबा पडवीत होता, फ्रीजरला टेकून खुर्चीवर. मागची पडवी पत्र्याची, वाऱ्याची झुळूक नाही. फ्रीजर गुणगुणत होता. बाबाचा एक हात झाकणावर होता. तोंड लालबुंद, आणि अंगावर घामाचा थेंब नाही. मी कपाळाला हात लावला आणि मागे घेतला, एवढं ते तापलं होतं.

"बाबा!"

त्यानं डोळे उघडले, पण ते माझ्यावर ठरेनात. तो फ्रेंचमध्ये बोलत होता, आईशी. म्हणत होता, युलाली, मी काही हलवलं नाही, सगळं तू ठेवलंस तसंच आहे.

मी फ्रीजरची वायर खसकन ओढली. एवढ्या रागानं की खालून आलेल्या वायरीच्या भोकातून ठिणगी निघाली. ती बाजूला फेकली, एसीची लावली, त्याला काखेत धरून फरपटत खोलीत नेलं, चादरी भिजवून गुंडाळल्या. टी-रॉय खालून ओरडत होता, ॲम्ब्युलन्सचा फोन लागत नव्हता, मग म्हणाला, "आण त्याला, ट्रकनंच जाऊ." आम्ही त्याला चादरीसकट खाली उतरवलं. पडलेल्या झाडांतून, विजेच्या तारा चुकवत, दोन तास लागले. मी मागे बसून त्याच्या अंगावर पाणी ओतत होते. मागे वळून घराकडे मी बघितलंसुद्धा नाही.

इस्पितळात व्हरांड्यातच खाटा होत्या. त्याच्यासारखे आणखी सहा म्हातारे तिथे होते. बुडालेला त्यात एकही नव्हता, सगळे उकाड्यानं भाजलेले. तो तीन दिवस जगला. दुसऱ्या दिवशी दुपारी थोडा शुद्धीवर आला. मला ओळखलं. जीभ जड झाली होती, तरी कळलं.

"चालू आहे ना?"

मशीन चालू असेल-नसेल, मला ठाऊक नव्हतं. पण फ्रीजरची वायर जमिनीवर पडलीय, ते मला पक्कं ठाऊक होतं. मीच काढली होती. परत लावायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आलं असतं तरी लावली असती का, मला सांगता येत नाही. त्या घडीला मला तो फ्रीजर कुऱ्हाडीनं फोडायचा होता.

"चालू आहे, बाबा."

"नाणं?"

"वर आहे. अगदी वर."

"बघितलंस?"

"आत्ताच बघून आले."

त्यानं माझ्या हाताला हलकासा चिमटा काढला. "झाकण... उघडू नकोस सारखं," तो म्हणाला, आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. चिडवत होता मला. ते त्याचं शेवटचं धड वाक्य.

त्याला पुरायला जागा कोरडी मिळेपर्यंत नऊ दिवस गेले. आईशेजारीच ठेवला. जेवायला घालायला काही नव्हतं. आलेल्यांना मी चर्चच्या दारात सरकारी पाकिटातली बिस्किटं दिली, पन्नास वर्षं ज्यांच्या घरी दर मातीला आईच्या हातचा गंबो पातेलंभर जायचा, त्या माणसांना.  म्हातारी क्लोटील तेवढी म्हणाली, "युलाली असती तर..." आणि बिस्किट रुमालात बांधून घेतलं.

माती झाल्यावर मी घरी परतले तेव्हा वास जिन्यापर्यंत आला होता. मशीन थंड पडलेलं. सिलिंडर रिकामा. आम्ही निघाल्यावर तो गॅस संपेपर्यंत, रात्रभर म्हणा, त्या मशीननं एक रिकामी खोली थंड केली होती.

आमच्याकडे असा फ्रीजर कोणी उघडत नाही. चारी बाजूंनी पट्टी मारायची आणि तसाच रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायचा, कचऱ्याची गाडी येते. आमच्या रस्त्यावर दोन्ही अंगांना पांढरी रांग लागली होती, थडग्यांसारखी. लोकांनी वर रंगानं काय काय लिहिलं होतं, विमा कंपनीला शिव्या, गव्हर्नरला जेवायचं आमंत्रण. टी-रॉयनं आणि त्याच्या भावानं आमचा खाली उतरवला. टी-रॉयनं रंगाचा डबा पुढे केला. "लिहितेस काही?"

"नाही."

"डार्लीन, तुझी काही चूक नाही."

"टी-रॉय, तोंड बंद कर," मी म्हटलं. त्यानं केलं. चांगला माणूस आहे.

गाडी तीन दिवसांनी आली. लोखंडी पंजानं एकेक उचलून मागे टाकत होते. आमचा उचलला आणि तो जुना पत्रा मधेच दबला, पट्टी फाटली, झाकण लोंबलं आणि डबे रस्त्यावर पडले. धपाधप. काही फुटले. वासानं गाडीवरचा माणूस मागे सरकला.

"बाई, लांब व्हा! हात लावू नका, विष आहे ते. आम्ही फावड्यानं घेतो."

"फावडं लावायचं नाही," मी म्हटलं.

 माझा चेहरा बघून त्यानं फावडं खाली ठेवलं.

मी वाकले आणि हातांनी उचलायला लागले. एकेक डबा, दोन्ही हातांत धरून, गाडीच्या मागे नेऊन ठेवत होते. फेकला एकही नाही, ठेवला. हातांवरून, बाह्यांवरून ओघळत होतं. कोळंबी. खेकडा. पुन्हा खेकडा. घेवड्याच्या शेंगा. काळी शाई जराही फुटली नव्हती. शेवटच्या डब्यावर एक पक्षी होता, जाड मानेचा, एका पायावर उभा. आई शेवटी शेवटी फार थकली होती, रेघ हलली होती. कोंबडी आहे की बदक, मला काही केल्या ओळखू येईना. मी तो उन्हात धरला, फिरवून बघितला. गाडीवाला इंजिन चालू ठेवून थांबला होता.

घरात हे वाचता येणारा एकच माणूस होता. मी डबा बाकीच्यांशेजारी ठेवला आणि गाडीवाल्याला हातानं खूण केली, जा.